बायबलचा ‘लिटरल’ अर्थ: शब्दशः की वाच्यार्थ?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन ख्रिस्ती पंडित बायबलमधल्या वचनाचे चार अर्थ सांगत. त्यांतल्या पहिल्याला इंग्रजीत ‘लिटरल सेन्स’ म्हणतात. भाषांतरात प्रश्नकर्त्याने त्याला ‘शब्दशः अर्थ’ म्हटलं, संपादकांनी ते खोडून ‘वाच्यार्थ’, म्हणजे शब्दातून थेट कळणारा अर्थ, असं केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही थोडे चुकले, आणि चूक ‘लिटरल’ या शब्दाच्या पोटात आहे. ‘अक्षर’ या अर्थाच्या लॅटिन ‘लित्तेरा’वरून तो आला, पण अक्षराला तो फारसा कधी चिकटून राहिला नाही. आपल्या ‘अक्षरशः’चं तरी काय वेगळं आहे? ‘अक्षरशः घाम फोडला’ म्हणताना अक्षर कुठलं आणि घाम कुठला!

आधी ते चार अर्थ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन या ख्रिस्ती साधूने ‘यरुशलेम’ या एकाच नावावर ते दाखवले. इतिहास म्हणून यहुद्यांचं शहर, रूपक म्हणून ख्रिस्ताची मंडळी (चर्च), नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा आणि परलोकाच्या अंगाने स्वर्गातली नगरी. यातलं शहर म्हणजे लिटरल. इथवर ‘वाच्यार्थ’ खपून जातो.

अडचण येते ती तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञापाशी. बायबलमध्ये ‘देवाचा बाहू’ असा उल्लेख येतो. त्याचा लिटरल अर्थ काय? आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात तो म्हणतो, देवाला हात असतो असा नव्हे, हाताने जे सूचित होतं ते कर्तृत्वाचं सामर्थ्य, हाच लिटरल अर्थ. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या हिशेबात हात हा वाच्यार्थ आणि सामर्थ्य हा लक्ष्यार्थ, म्हणजे थेट अर्थ जुळेना म्हणून घ्यावा लागणारा त्याच्याशी निगडित अर्थ. ‘गंगायां घोषः’ (गंगेत गवळीवाडा) म्हटल्यावर गवळीवाडा प्रवाहात नसून काठावर असतो, तसंच हे. म्हणजे अक्वायनसच्या ‘लिटरल’मध्ये वाच्यार्थ देणारी अभिधा आणि लक्ष्यार्थ देणारी लक्षणा दोन्ही मावतात. मग उरलेले तीन अर्थ व्यंग्यार्थ, म्हणजे नुसते ध्वनित होणारे अर्थ, का? तेही नाही. शब्द वस्तू दाखवतात आणि त्या वस्तूच पुन्हा दुसरं काही दाखवतात, अशी त्याची मांडणी आहे. शब्दांना अर्थ देणं माणसालाही जमतं. घडलेल्या गोष्टींना अर्थ देणं फक्त देवाला. आपल्या काव्यशास्त्रात याला तयार खण सापडत नाही, आणि ओढूनताणून शोधूही नये.

‘शब्दशः’ला तर त्याच्याही आठशे वर्षं आधी संत ऑगस्टीनने अडवलं असतं. सृष्टीच्या निर्मितीची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर त्याचा बारा खंडांचा ग्रंथ आहे आणि त्याच्या नावातच ‘लिटरल’ आहे. त्यात तो सांगतो की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, ते सहा दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस नव्हेत. आजच्या ‘शब्दशः’वाल्यांना हे लिटरल कसं म्हणावं हेच कळणार नाही.

‘वाच्यार्थ’ खरा शोभतो तो 1529च्या ऑक्टोबरात, जर्मनीतल्या मारबुर्गला. प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीला उद्देशून येणाऱ्या ‘हे माझे शरीर आहे’ या येशूच्या वाक्यावर मार्टिन ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. ल्यूथरने ते वाक्य लॅटिनमध्ये खडूने टेबलावरच लिहून ठेवलं होतं म्हणतात. त्याचा हट्ट ‘आहे म्हणजे आहे’. झ्विंग्ली म्हणे, इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. त्याचाच साथीदार इकोलांपाडियस मात्र लक्षणा ‘आहे’वर न घेता ‘शरीर’वर घेई, म्हणजे ‘शरीराचं चिन्ह’! चर्चेअंती मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. अडलं ते या एका वाक्यापाशी. गंमत म्हणजे येशूच्या अरामाईक बोलीत अशा वाक्यात ‘आहे’ लागतच नाही. मराठीतही ‘हे माझे शरीर’ एवढ्यावर भागतंच की.

पुढे अर्थाचा धनी बदलला. 1860 साली ऑक्सफर्डच्या बेंजामिन जोवेटने बायबल इतर कुठल्याही ग्रंथासारखं वाचा असं लिहिलं तेव्हा शोध होता तो माणूस असलेल्या लेखकाच्या मनाचा, त्याच्या काळाचा. याच्या विरोधात विसाव्या शतकात अमेरिकेत जे उभे राहिले त्यांना आपण सर्रास ‘शब्दशः अर्थ लावणारे’ म्हणतो. सृष्टीचे सहा दिवस चोवीस-चोवीस तासांचे मोजणाऱ्यांना ते चालेल. पण त्यांच्यातल्याही सगळ्यांना नाही: बायबलमध्ये चूक नाही असं सांगणारं 1978चं शिकागो निवेदनसुद्धा साहित्यप्रकार आणि अलंकार लक्षात घ्या असं म्हणतं.

तर मध्ययुगीन चौकडीतल्या पहिल्यासाठी मी ‘मूळार्थ’ लिहीन. बाकीचे तिन्ही अर्थ याच्यावर उभे असतात असं अक्वायनस स्वतःच सांगतो, म्हणून. व्युत्पत्तीतला मूळ अर्थ असा गैरसमज होऊ शकतो, तेव्हा पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा हवाच. संपादकांचा ‘वाच्यार्थ’ मारबुर्गच्या प्रकरणात ठेवा, आणि तुमचा ‘शब्दशः’ चोवीस तासवाल्यांसाठी.