इंदुरात आरसी (रिमोटवर चालणारा खेळण्यातला) ट्रक चालवतो. थ्रॉटल दिला की मागून कटकट आवाज येतो. डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) गिअर गेले का?

बहुतेक रिंग-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर यांचे, दात झिजलेत. ट्रक उचला, मागची दोन्ही चाकं घट्ट धरून ड्राइव्हशाफ्ट (मोटरची ताकद डिफरन्शियलकडे नेणारा दांडा) हाताने फिरवा. चाकं धरलेली असूनही तो सटकला तर निकाल लागलाच. रिंग आणि पिनियन जोडीनेच बदला.

पण आधी बेअरिंग बघा, खरा चोर बहुधा तोच! बेअरिंग सैल झालं की पिनियन मागे सरकतो आणि नवे दातही खातो. जुनं बेअरिंग खिशात टाकून सियागंज बाजारात विचारा, मापाचं मिळालं तर पार्सलची वाट कशाला? दात तरीही सैल बसले तर रिंगच्या बाजूच्या बेअरिंगमागे पातळ शिम (वॉशरसारखी चकती) टाका. फिरवताना जड लागलं तर काढा. आणि स्लिपर क्लच (झटका आला की थोडा सरकून गिअर वाचवणारा भाग) फार आवळू नका, प्रत्येक उडीचा झटका थेट दातांवर येतो.