वाचकांचे प्रश्न : ‘काढून टाकतो’ की ‘उचलतो’?

प्रश्न : नाशिकला शरणपूर भागात रविवारच्या उपासनेनंतर आमचा शास्त्राभ्यास असतो. योहानकृत शुभवर्तमानाचा १५वा अध्याय वाचताना एका बंधूंनी मोबाइलवरील शब्दकोशाच्या आधारे सांगितले की, फळ न देणारा फाटा पिता ‘काढून टाकतो’, असे मराठीत असले तरी मूळ ग्रीक क्रियापदाचा खरा अर्थ ‘उचलतो’ असा आहे. जमिनीवर लोळणारी वेल माळी उचलून बांधतो, तसे देव करतो. आमच्यातील द्राक्ष बागाईतदारांना हे लगेच पटले. आम्हांपैकी कोणालाही ग्रीक येत नाही. अशा वेळी शब्दाचा अर्थ तपासावा कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम सलाम. आपल्या बंधूंनी दिलेली माहिती निराधार नाही. ते क्रियापद ‘आयरो’ असे असून, उचलणे आणि काढून नेणे असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. अडचण आहे ती ‘खरा अर्थ’ या म्हणण्यात. शब्दकोश एखाद्या शब्दाचे शक्य असलेले अर्थ सांगतो. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे त्या त्या ठिकाणचे वाक्य ठरवते. ‘शिक्षा’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ शिकणे-शिकवणे असा असला, तरी ‘न्यायालयाने शिक्षा सुनावली’ हे वाक्य वाचून आरोपीला शाळेत पाठवले असे कोणी समजत नाही.

शब्दकोश मिटून योहानाचे शुभवर्तमानच उघडावे, कारण लेखकाचा शब्द त्याच्याच लेखनात सर्वांत चांगला कळतो. अध्याय १, वचन २९ मध्ये देवाचा कोकरा जगाचे पाप हरण करतो, ५:८ मध्ये आजारी माणसाला बाज उचलायला सांगितले आहे, १६:२२ मध्ये तुमचा आनंद कोणी काढून घेणार नाही असे अभिवचन आहे; या तिन्ही ठिकाणी ‘आयरो’च आहे. त्याहून बोलके वचन ११:४१. लाजराच्या कबरेवरची धोंड लोकांनी काढली आणि येशूने डोळे वर केले, या एकाच वचनात हेच क्रियापद दोनदा, दोन निरनिराळ्या अर्थांनी आले आहे. हे वचन गटात सर्वांनी मिळून जरूर वाचावे; क्रियापद तेच राहूनही धोंड आणि डोळे यांमुळे त्याचा अर्थ कसा पालटतो हे तेथे स्पष्ट दिसते.

आता १५:२ कडे वळू. तेथे फळ न देणारा आणि फळ देणारा अशा दोन फाट्यांची तुलना आहे, आणि सहाव्या वचनात वेलीत न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो व जाळला जातो. शिवाय ग्रीकमध्ये फळ न देणाऱ्या फाट्यासाठी ‘आयरेइ’ (‘आयरो’चेच रूप) आणि फळ देणाऱ्यासाठी ‘कथायरेइ’ अशी क्रियापदांची नादमय जोडी आहे. दुसऱ्याचा अर्थ स्वच्छ करणे असा असल्यामुळे तिसऱ्या वचनातील ‘तुम्ही शुद्ध झालाच आहा’ या शब्दांशी त्याचा सांधा जुळतो. प्रचलित मराठी भाषांतरात ‘छाटतो’ऐवजी ‘साफसूफ करतो’ असे आहे, ते बागाईतदाराला खटकले तरी हा सांधा जपणारे आहे. हे सर्व पाहता ‘काढून टाकतो’ हाच अर्थ मला योग्य वाटतो, जरी ‘उचलतो’ म्हणणाऱ्यांच्या मनातील देवाच्या दयेविषयीचा भाव मी जाणतो. त्या दयेसाठी शास्त्रात इतर वचने भरपूर आहेत.

बागेचा अनुभव उपयोगी आहेच. फळासाठी काडीवर कात्री चालवावी लागते, हे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, तर पॅलेस्टाईनमध्ये हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जाते. तेव्हा आपल्या तारेच्या मांडवावरून त्या वेलीचा अंदाज जपूनच बांधावा.

मोबाइलवरील बहुतेक शब्दकोशांत मूळ शब्दांना क्रमांक असतात. ती पद्धत जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीतून आली आहे. तो क्रमांक धरून एखादा शब्द कोठे कोठे आला आहे ते शोधावे. हा तिचा उत्तम उपयोग. पण त्या नोंदीत दिलेले शब्द बहुधा जुन्या इंग्रजी भाषांतरातील असतात. त्यांतून मनाला भावेल तो उचलून वचनात बसवू नये, आणि सगळेच अर्थ एका वचनात कोंबूही नयेत.

शक्य असल्यास प्रचलित भाषांतराशेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेवावे. हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत त्यांनी एकटीने केलेले ते काम १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापले गेले. जेथे दोन भाषांतरे जुळत नाहीत, तेथे मूळ शब्दाकडे लक्ष द्यावे लागते, हे ग्रीक न येणाऱ्यालाही ओळखता येते.

पुढच्या रविवारी ‘राहणे’ हा शब्द घ्यावा, असे सुचवतो. ग्रीकमध्ये तो ‘मेनो’ असून १५:४ ते १५:१० या सात वचनांत दहा वेळा आला आहे. पहिल्या अध्यायात शिष्य येशूला ‘आपण कोठे राहता?’ असे विचारतात (१:३८), तेथेही तोच आहे आणि मराठीतही ‘राहणे’च आहे. तेथपासून १५व्या अध्यायापर्यंत तो प्रत्येक वेळी कोण, कोठे व कोणाजवळ राहतो यासंबंधी आला आहे, ते वहीत उतरवून आणावे.