एरिया 51 मध्ये खरंच उडत्या तबकड्या आहेत का? मग तिथे रात्री दिवे कसले दिसतात, आणि लास व्हेगासहून जाऊन काही बघता येतं का?

दिव्यांपासून सुरुवात करतो, कारण तबकड्यांचं उत्तर त्यातच आहे.

एरिया 51 म्हणजे नेवाडातल्या ग्रूम लेक या आटलेल्या तळ्याकाठचा हवाई तळ, लास व्हेगासच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किमीवर. एप्रिल 1955 मध्ये सीआयएचे रिचर्ड बिसेल आणि लॉकहीड या विमान कंपनीचे केली जॉन्सन यांनी ही जागा निवडली. तळ्याचा तळ टणक आणि सपाट, म्हणजे आयती धावपट्टी. शेजारी अणुचाचण्यांचं मैदान, त्यामुळे तिकडे कोणी फिरकण्याची भीती नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यू-2 हे हेरविमान इथून पहिल्यांदा उडालं.

तेव्हा प्रवासी विमानं 10 ते 20 हजार फुटांवरून जायची, लष्करी विमानं 40 हजारांच्या आत. यू-2 जायचं 60 हजारांच्या वर. एवढ्या उंचीवर जमिनीपेक्षा साधारण वीस मिनिटं उशिरा सूर्य मावळतो. त्यामुळे 15 हजार फुटांवरच्या वैमानिकाला खाली-समोर अंधार झालेला असायचा आणि डोक्यावर, जिथे विमान असणं त्याच्या मते शक्यच नाही तिथे, काहीतरी पेटल्यासारखं लखलखायचं. सुरुवातीच्या यू-2 ला रंग नव्हता, नुसता चंदेरी पत्रा. त्याच्या लांब पंखांवर ते ऊन पडायचं. पुढे ही विमानं गडद रंगवली गेली.

सीआयएने स्वतःच्या इतिहासात म्हटलंय की पन्नासच्या दशकाअखेरीच्या आणि साठच्या दशकातल्या बहुतेक काळातल्या अर्ध्याहून जास्त यूएफओ (न ओळखता आलेल्या उडत्या वस्तू) तक्रारींमागे यू-2 आणि त्यानंतरचं ए-12 हे हेरविमान होतं. मला हा ‘अर्ध्याहून जास्त’ जरा फुगवलेला वाटतो. अशा तक्रारी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात एकूण 12,618 नोंदी झाल्या, 701 शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत; पण सर्वांत जास्त नोंदी 1952 सालच्या, म्हणजे यू-2 उडायच्या तीन वर्षं आधीच्या. लोकांना तबकड्या दिसायला कारण लागतंच असं नाही. रॉसवेलला तबकडी कोसळली म्हणतात, त्याचं तर बोलायलाच नको: ती घटना 1947 ची, न्यू मेक्सिकोतली. तिथून आणलेली तबकडी ग्रूम लेकला ठेवली म्हणणाऱ्यांनी मधली आठ वर्षं ती कुठल्या गोदामात होती तेही सांगावं.

आज दिसणाऱ्या दिव्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला, फ्लेअर, म्हणजे विमानातून सोडलेले जळते गोळे. शेजारी हवाई दलाच्या नेलिस तळाचं प्रचंड सरावक्षेत्र आहे. उष्णतेमागे येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर काही सेकंदांत विझतात. उजेडासाठी टाकलेले पॅराशूटला लटकून चार-पाच मिनिटं जळतात आणि स्वतःच्याच उष्णतेने पॅराशूटमधली हवा तापवतात, म्हणून खाली यायचा वेग आणखी मंदावतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दिवा हवेत थांबलाय. एका ओळीत पेटले आणि त्याच क्रमाने विझले तर फ्लेअरच समजा.

दुसरा प्रकार, ‘जॅनेट’ या नावाने ओळखली जाणारी विमानं. तळावरचे कर्मचारी व्हेगास विमानतळाच्या पश्चिम बाजूहून लाल पट्ट्याच्या पांढऱ्या 737 मधून रोज ये-जा करतात. विमान थेट तुमच्या दिशेने येत असेल तर त्याचा लँडिंग लाइट कितीतरी वेळ जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, आणि विमान वळलं की गपकन नाहीसा होतो.

शिवाय काळ्याकुट्ट अंधारात एकटा दिवा टक लावून पाहिला की तो डुलल्यासारखा दिसतो, दोष डोळ्याचा. गाडीच्या टपाच्या कडेशी तो जुळवून धरा, मग खरंच हलतोय का ते कळेल. फोटो काढताना चौकटीत एखादा ओळखीचा तारा येऊ द्या, नाहीतर त्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही.

तबकड्यांची गोष्ट खऱ्या अर्थाने रुजली 1989 मध्ये, बॉब लझार यांच्या टीव्ही मुलाखतींमुळे. ग्रूम लेकच्या दक्षिणेला पपूस लेकजवळ ‘एस-4’ नावाच्या जागी आपण परग्रहावरच्या यानांवर काम केलं आणि ती 115 व्या मूलद्रव्यावर चालतात, असा त्यांचा दावा. एमआयटीत शिकल्याचं ते सांगतात, पण तिथल्या नोंदींत त्यांचं नाव सापडलं नाही. 115 वं मूलद्रव्य 2003 मध्ये रशियातल्या दुब्नात तयार झालं. आजवर बनवलेले त्याचे अणू सेकंदभरही टिकत नाहीत. इंधन म्हणून ते टाकीत भरणार कसं?

मग एवढी गुप्तता कशाला? कारण दडवण्यासारखं पुष्कळ होतं. आवाजाच्या तिप्पट वेगाचं ए-12 इथूनच पहिल्यांदा उडालं. 1968 मध्ये इस्रायलकडून मिळालेलं मिग-21 इथे उडवून पारखलं. एफ-117 हे रडारला चकवणारं विमान 1981 ला इथून उडालं, सरकारने कबूल केलं 1988 मध्ये. सोव्हिएत उपग्रह डोक्यावरून जायची वेळ झाली की विमानं शेडमध्ये ढकलायची, हा रोजचा शिरस्ता. कमी बोललं जातं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: विषारी कचरा उघड्या खड्ड्यांत जाळल्याने आजारी पडल्याची तक्रार घेऊन कामगार आणि काहींच्या विधवा कोर्टात गेल्या, आणि 1995 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी या तळाला त्या कचऱ्याची माहिती उघड करण्यापासून सूटच दिली. मला विचाराल तर तिथलं खरं गुपित हे.

2013 मध्ये सीआयएने एरिया 51 हे नाव न खोडता यू-2 चा इतिहास खुला केला. त्याच कागदांत ओडिशातल्या चारबातियाचाही उल्लेख आहे. 1962 च्या युद्धानंतर नेहरूंच्या संमतीने चीन सीमेवर यू-2 ची टेहळणी झाली आणि 24 मे 1964 ला चारबातियाहून पहिलं उड्डाण झालं. तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. तीनच दिवसांनी नेहरू गेले आणि काम थांबलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं.

आता जायचं असेल तर. व्हेगासहून आय-15 महामार्ग, मग यूएस-93 ने उत्तरेला, क्रिस्टल स्प्रिंग्जला डावीकडे 375 नंबरचा रस्ता. फ्रीडम रिज आणि व्हाइट साइड्स या जवळच्या टेकड्या 1995 मध्ये लोकांना बंद केल्या. तळ दिसणारी कायदेशीर जागा उरली ती टिकाबू शिखर, तिथून तळ 42 किमी. कच्चा रस्ता लांब आहे, उंच चाकांची गाडी हवी. शेवटचा चढ अंगावर येणारा, माथा साधारण 2,400 मीटरवर, वर पाण्याचा थेंब नाही. साधी दुर्बीण पुरत नाही, ट्रायपॉडवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लहान टेलिस्कोप, लागते. उजाडतानाच बघून घ्या; ऊन चढलं की हवा थरथरते आणि हँगर, धावपट्टी सगळं एकात एक मिसळतं.

ग्रूम लेक रोडने गेटकडे गेलात तर सगळीकडे कुंपण असेल असं धरून चालू नका. हद्द कळते ती खांब आणि पाट्यांवरून. टेकडीवर पहारेकऱ्यांची पांढरी पिकअप उभी दिसेल. ती तुम्हाला बघत असते, तुमच्यापर्यंत येत नाही. पाटीच्या पुढे पाऊल पडलं की अटक आणि खटला, आणि व्हिसावर असाल तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते निस्तरत बसावं लागतं. ड्रोन गाडीतसुद्धा ठेवू नका. पेट्रोल अ‍ॅश स्प्रिंग्जला भरा, कारण रेचेल गावात पंप नाही आणि तसेच पुढे गेलात तर टोनोपा हे गाव अ‍ॅश स्प्रिंग्जपासून अडीचशे किमीवर आहे.