लोगो थांबू द्या, आधी अर्ज नीट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्त्रिया आणि एलजीबीटीक्यू व्यक्ती मिळून चालवत असलेली छोटी संस्था, पगारी माणूस एखादंच, बाकी सगळे स्वयंसेवक. डिझाइनसाठी पहिल्यांदाच थोडी रक्कम बाजूला निघाली आहे. निम्म्या जणांना नवा लोगो आणि वेबसाइट हवी आहे, उरलेले म्हणतात हा पैसा थेट कामावर जाऊ दे. डिझाइनचा अशा संस्थेला खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करायची?

उपयोग होतो, पण लोगोपासून सुरुवात करू नका. अडचणीतल्या माणसाची तुमच्याशी पहिली गाठ जिथे पडते तिथून करा: चौकशीचा अर्ज, हेल्पलाइनचं कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी सूचना. या तीन ठिकाणी घोळ असला की तो रोज निस्तरावा लागतो. अर्ज अर्धवट येतात, वेळ न कळल्यामुळे अवेळी फोन येतात, एकच उत्तर दिवसातून दहा वेळा द्यावं लागतं. पैशाइतकाच तुमच्याकडे माणसांच्या तासांचाही तुटवडा आहे, आणि हे तास डिझाइन वाचवू शकतं.

‘असोसिएशन फॉर विमेन्स राइट्स इन डेव्हलपमेंट’ने जगभरातल्या स्त्री-संघटनांची पाहणी केली होती. त्यातल्या ७४० संघटनांचं २०१० सालचं मध्यक उत्पन्न २०,००० अमेरिकी डॉलर निघालं, म्हणजे निम्म्या संघटना त्याहूनही कमी पैशांत वर्ष काढत होत्या. एवढ्यात कोणी डिझायनर पदरी बाळगू शकत नाही. म्हणून कसोटी एकच ठेवा: डिझायनर गेल्यावर सहा महिन्यांनी, नव्याने आलेल्या स्वयंसेवकाच्या हातून, साध्या, फक्त काळ्या शाईच्या प्रिंटरवर हे काम नीट उतरतं का? उतरत नसेल तर ते कितीही देखणं असो, तुमच्या कामाचं नाही.

आता अर्ज. सरकारी नमुन्यावरून उचललेला अर्ज बहुतेक ठिकाणी असा असतो: श्री./श्रीमती/कु.; संपूर्ण नाव, ओळखपत्राप्रमाणे; वडिलांचे किंवा पतीचे नाव; लिंग: पुरुष/स्त्री/इतर; कायमचा पत्ता. ट्रान्स व्यक्ती पहिल्याच ओळीला अडते. घर सोडून आलेली बाई तिसऱ्या ओळीला पेन खाली ठेवते. ‘इतर’ या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. त्याऐवजी पहिला प्रश्न: ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ दुसरा: ‘संपर्क कसा करू: फोन, मेसेज, की तुम्हीच कराल?’ तिसरा: ‘फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही कोण बोलतोय म्हणून सांगू?’ हा तिसरा प्रश्न बहुतेक अर्जांत नसतो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

कागदोपत्री नाव फक्त रुग्णालय, न्यायालय किंवा बँकेच्या कामासाठी लागतं. ते वेगळ्या कागदावर घ्या आणि तो कागद वेगळ्या फायलीत ठेवा, म्हणजे टेबलावर पडलेल्या अर्जातून कोणाची ओळख फुटणार नाही. लिंगाचा प्रश्न खरंच हवा आहे का, हे आधी ठरवा. देणगीदाराच्या अहवालासाठीच हवा असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहायला रिकामी ओळ द्या आणि शेजारी ‘सांगायचं नाही’ अशी चौकट द्या. आकडेमोड करताना गटवारी तुम्ही करा, त्या माणसाला तुमच्या चौकटीत बसवू नका. हाताने भरायच्या अर्जात ओळींमध्ये ८ ते ९ मिलिमीटर अंतर हवं. कागद वाचवायला सगळं एका पानात कोंबलं की अक्षर दाटतं, वाचता येत नाही, आणि मग तेच विचारायला पुन्हा फोन करावा लागतो. छापण्याआधी पाच जणांकडून काही न समजावता भरून घ्या. पेन जिथे थबकेल तिथे खूण करा. त्या खुणा म्हणजेच तुमची दुरुस्तीची यादी.

यानंतर सुरक्षितता. इतर संस्थांच्या डिझाइनपेक्षा तुमचं वेगळं पडतं ते इथे. पुष्कळ जणींचा फोन घरातलं दुसरं कोणी बघतं. कुलूपबंद पडद्यावरही मेसेजची सुरुवात बऱ्याचदा दिसते, म्हणून ती साधी ठेवा: ‘गुरुवारची भेट ठरल्याप्रमाणे.’ मुद्दा बराच खाली येऊ द्या. ग्रुपचं नाव आणि चित्रही तसंच निरुपद्रवी हवं. हेल्पलाइनचं कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं करा, दर्शनी बाजूला ‘हिंसा’ किंवा ‘समलैंगिक’ असं ठळक न छापता फक्त नंबर आणि वेळ. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय आहे, देणगी दिल्यावर बँकेच्या विवरणात संस्थेचं नाव कसं उमटतं, हेही डिझाइनमध्येच मोडतं. काही देणगीदार केवळ या नावामुळे मागे हटतात.

वेबसाइट केलीत तर ‘पटकन बाहेर पडा’ असं बटण प्रत्येक पानावर, स्क्रोल केलं तरी दिसेल असं ठेवा. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये, म्हणजे सरकारी वेबसाइटींसाठीच्या तयार भागांच्या संचात, याचा तयार घटक आहे. तिथे शिफ्टची कळ तीनदा दाबली तरी पान बदलतं. मात्र अशा बटणाने ब्राउझरचा इतिहास पुसला जात नाही. हे बटणाशेजारीच लिहा आणि टॅबवर दिसणारं पानाचं शीर्षक साधं ठेवा. बटण आहे म्हणजे आपण सुरक्षित, असा गैरसमज बटण नसण्यापेक्षा घातक.

फोटोंचं तसंच. फोनने काढलेल्या फोटोत बऱ्याचदा ठिकाणाची नोंद दडलेली असते, मूळ फाइल पाठवली की तीही जाते. वापरण्याआधी ती काढून टाका. चेहरा धूसर केला म्हणून माणूस ओळखू येत नाही असं नाही. गोंदण, दागिना, पाठीमागची पाटी यांवरून ओळखीचे लोक बरोबर ओळखतात. संमती घेताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: छापील अहवाल, सोशल मीडिया, देणगीदाराला खासगीत. संमती मागे घ्यायची तर कोणाला कळवायचं, तेही त्याच कागदावर हवं. शंका असेल तिथे सरळ रेखाचित्र वापरा. फक्त अंधारात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेल्या बाईचं चित्र कृपा करून नको. मदत मागायला आलेल्या बाईला ते चित्र आपलं वाटत नाही, आणि ते काढणाऱ्यांनाही बहुधा दुसरं काही सुचलेलं नसतं.

लोगोचा हट्ट असेलच तर आधी झेरॉक्सची परीक्षा घ्या. सहा रंगांचा इंद्रधनुषी लोगो काळ्या-पांढऱ्यात काढून बघा: लाल, हिरवा, निळा आणि जांभळा हे जवळपास एकाच करड्या छटेत जातात आणि पिवळा कागदात विरून जातो. उरतो तो एक मळकट पट्टा. म्हणून लोगो आधी एका रंगात, रबरी शिक्क्यावर उमटेल इतका साधा करा. रंग नंतर चढवा. चळवळींची जी चिन्हं टिकली ती अशीच कोणालाही करता येणारी होती. गिल्बर्ट बेकरने १९७८ मध्ये केलेल्या इंद्रधनुषी झेंड्यात आठ पट्टे होते. भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गेला, १९७९ मध्ये आणखी एक कमी झाला आणि सहा पट्ट्यांचा झेंडा जगभर गेला. मोनिका हेल्म्सने १९९९ मध्ये केलेला ट्रान्स झेंडा उलटा धरला तरी सुलटाच दिसतो. ब्रिटनमधल्या मताधिकारवादी स्त्रियांनी १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग ठरवले. ते नेहमीच्या कपड्यांवर फीत लावूनही मिरवता येत. यांतलं काहीच करायला महागडी साधनं लागत नव्हती.

तुम्हालाही दोन रंग आणि काळा एवढं पुरे. दोन्हींचे पडद्यासाठीचे आणि छपाईसाठीचे कोड एका पानावर लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक स्वयंसेवकाचा जांभळा वेगळा निघतो. छोट्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर पिवळं कधीच पास होत नाही, तरी दर वर्षी कोणीतरी करतंच.

मराठी मजकुराची काळजी वेगळी. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छपाईला आणि वेबलाही विनाशुल्क चालतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर करू नका. दुसऱ्याच्या संगणकावर त्याचा कचरा होतो आणि फोनवर तो शोधता येत नाही. शीर्षक पसरट दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी ओतताना ही चूक हमखास होते, कारण अंतर तिथे आधीच वाढवलेलं असतं. ते शून्यावर आणा. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी मजकुराची भाषा मराठी नेमल्यावरच ते उमटतात, एरवी हिंदी वळण येतं. पानं मांडायला स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल तर जुनी १.४ आवृत्ती जोडाक्षरं मोडते, १.६ घ्या. नोंदणीकृत ना-नफा संस्थेला कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनाची सशुल्क सेवा अर्ज केल्यावर मोफत मिळते. नोंदणी नसेल तर इंकस्केप आणि पेनपॉट ही मोफत साधनं आहेतच.

साचे तीनच करा: चौकोनी पोस्ट, ए४ सूचना आणि अहवालाचं पान. लोगो आणि समास लॉक करून ठेवा, फक्त मजकुराची जागा मोकळी. दहा साचे केले की कोणता घ्यायचा हे विचारायला पुन्हा तुम्हालाच फोन येतो.

छपाईबद्दल दोन शब्द. साधा प्रिंटर कडेला ४-५ मिलिमीटर छापतच नाही, म्हणून पत्रकाला कडेपर्यंत रंग देऊ नका. प्रेसमध्ये छापणार असाल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची छापील कड, सोडा. ए४ ची तीन भागांत दुमडायची पत्रिका समान भागांत पाडली की आत दुमडणारा भाग फुगतो. १००, १०० आणि ९७ मिलिमीटर असे भाग घ्या, ९७ चा आत जाईल. पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठेवा. क्यूआर कोडमध्ये थेट तुमचाच पत्ता घाला. फुकट ‘बदलता’ कोड आधी तो देणाऱ्या सेवेकडे जातो आणि तिथून तुमच्याकडे; त्या सेवेची मुदत संपली की छापलेलं सगळं रद्दी होतं. कोडभोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा ठेवा, आणि भिंतीवर लावायचा असेल तर वाचणारा जितक्या अंतरावर उभा राहणार त्याच्या दहाव्या भागाइतका तो मोठा हवा: दीड मीटरला १५ सेंटिमीटर. आणि शेजारी फोन नंबर अंकांत छापाच, कारण प्रत्येकीकडे स्मार्टफोन असेलच असं नाही.

देणगीदारासाठी चाळीस पानी अहवालाआधी एक ए४ पान तयार ठेवा. कोणासाठी काम करता, गेल्या वर्षी काय केलं, किती खर्च आला, पुढे किती कमी पडतंय. देणगीदार ते बहुधा फोनवर उघडतो, म्हणून दोन रकाने नकोत आणि फाइल दोन एमबीच्या आत. ‘अमुक इतक्या लोकांपर्यंत पोहोचलो’ या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले, तो आकडा पानाच्या मध्यावर मोठा छापा. ‘लाभार्थी’ हा शब्द काढा. तुमच्या संस्थेत मदत घेणारे आणि देणारे बरेचदा तेच असतात.

डिझायनर फुकट काम करायला तयार झाला तरी लेखी ठरवा: कोणती तीन कामं, किती दिवसांत, दुरुस्तीच्या किती फेऱ्या (दोन पुरेत) आणि संस्थेकडून शेवटचा शब्द कोणाचा. पाच जणांनी पाच मतं कळवली की सगळ्यात सोशिक डिझायनरही पळून जातो. माझं मत विचाराल तर पूर्ण फुकटापेक्षा थोडे पैसे देऊन आखीव काम घेणं बरं, कारण फुकटचं काम नेहमी रांगेत शेवटी जातं. पैसे देताना किंवा काम संपताना मूळ, बदलता येणाऱ्या फाइली ताब्यात घ्या; नुसती पीडीएफ मिळाली तर पुढच्या वर्षी तारीख बदलायलाही त्याच माणसाकडे जावं लागेल. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), ड्राइव्ह आणि कॅनव्हाचं खातं संस्थेच्या ईमेलवरच काढा, स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर नको. तो गाव बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि एका सकाळी वेबसाइट बंद दिसते. नूतनीकरणाची तारीख दोघींच्या कॅलेंडरमध्ये टाका. पुढच्या अनुदानाच्या प्रस्तावात ‘छपाई आणि संवाद’ हा खर्च ‘इतर’मध्ये न लपवता स्वतंत्र ओळीत मागा, आणि शेजारी अर्ज, कार्डं व अहवाल यांच्या प्रती किती लागतील तेही लिहा.