वाचक विचारतात : स्तोत्र ५९ मधले वैरी

प्रश्न : इमारतीच्या पुनर्विकासावरून आमच्याकडे दोन गट पडलेत. घरच्या प्रार्थनासभेत सध्या बायबलातलं स्तोत्र ५९ वाचतात आणि ‘वैऱ्यांपासून मला सोडव’ आलं की समोरच्या गटातल्या तिघांची नावं घेतात. त्यातल्या एका काकूंकडे माझं रोजचं जाणं-येणं आहे. स्तोत्र असं वापरतात का? (परळ)

उत्तर : नावं घेणं थांबवा, स्तोत्र वाचत राहा.

या १७ वचनांत वैरी म्हणून एकाही माणसाचं नाव नाही. शौल राजा येतो तो फक्त मथळ्यात : त्याने दाविदाला मारायला घरावर पहारा बसवला, तेव्हाचं हे गीत. ती हकीकत १ शमुवेल १९ मध्ये आहे. दाविदाची बायको मीखल त्याला खिडकीतून उतरवते आणि बिछान्यात मूर्ती निजवून ठेवते. पण वचन ५ आणि ८ मध्ये ‘सगळी राष्ट्रं’ येतात, आणि शौलाचे शिपाई म्हणजे काही परकी राष्ट्रं नव्हेत. म्हणून बरेच अभ्यासक मानतात की मथळा मागाहून जोडला गेला, किंवा एकट्याची प्रार्थना पुढे सबंध समाजाने आपलीशी केली. वैऱ्याची जागा मोकळी राहिली म्हणूनच ते जमलं. तिथे तिघांची नावं बसवली की सोसायटीचा तक्रारअर्ज तयार होतो.

आरोप कसला आहे तेही बघा. वचन ७ मध्ये ओठांत तलवारी, १२ मध्ये तोंडाचं पाप, शिव्याशाप, खोटं. हा मुख्यतः जिभेचा गुन्हा आहे. वचन ३-४ मध्ये ‘माझा अपराध नसताना’ असं म्हटलंय, तेही या एका प्रकरणापुरतं. आयुष्यभर निष्पाप असल्याचा दावा तिथे नाही. तेव्हा पुढच्या सभेआधी वचन १२ एकदा आपल्याच गटाच्या व्हॉट्सॲपवरचे निरोप समोर ठेवून वाचा. समोरचेही कदाचित हेच स्तोत्र काढून बसले असतील.

प्रश्न : वचन ११ म्हणतं ‘त्यांना मारू नकोस’, आणि १३ म्हणतं ‘त्यांना संपव’. कोणतं धरायचं? आणि ती कुत्री दोनदा का येतात? (कुर्ला)

उत्तर : हिब्रूतला ‘नूआ’ हा धातू धरलात तर दोन्ही प्रश्न एकत्र सुटायला लागतात. त्याचा अर्थ डळमळणं, भटकणं. वचन ११ मधली विनंती अशी : मारू नकोस, नाहीतर माझे लोक विसरतील, त्यांना भटकत ठेव. वचन १५ मध्ये कुत्री अन्नासाठी भटकतात, तिथे हाच धातू. आधी मागितलेली शिक्षा पुढे डोळ्यांसमोर येते. उत्पत्ती ४:१२ मध्ये भावाला मारणाऱ्या काइनाच्या शिक्षेतही हाच शब्द आहे, आणि काइनालाही जिवंतच ठेवलं होतं.

मग १३ चं काय? तिथे ‘कल्ले’, म्हणजे ‘संपव’, लागोपाठ दोनदा येतं. काहीजण म्हणतात की टोळी मोडायची आहे, माणसं नाही. आम्हाला ही सोडवणूक जरा सोयीची वाटते. जिवाची भीती असलेला माणूस एका दमात दोन उलट गोष्टी मागतो, आणि स्तोत्राने ते पुसलेलं नाही. लक्षात ठेवायचं ते हे की दोन्ही वेळा मागणी देवाकडे आहे. बोलणारा स्वतः काठी उचलत नाही.

कुत्री मुंबईकराला काय समजावायची! मच्छीबाजार धुऊन बंद झाला की एक भुंकतं आणि तीन गल्ल्या उत्तर देतात. पण आपल्याकडच्यांना कुणीतरी बिस्किटं घालतं. बायबलच्या काळच्या गावांतली उकिरड्यावर जगायची, वेळ आली तर प्रेतांवरही. १ राजे १४:११ पाहा.

वचन ६ आणि १४ जवळजवळ शब्दशः एकच आहेत : संध्याकाळी परततात, गुरगुरतात, नगराभोवती फिरतात. बदलतं ते पुढचं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडी मस्ती आहे, ‘ऐकतंय कोण?’ लगेच वचन ८ ‘वअत्ता’ने सुरू होतं, म्हणजे ‘पण तू’, आणि परमेश्वर हसतो. दुसऱ्यांदा तीच कुत्री उपाशी फिरतात आणि १६ ‘वअनी’ने सुरू होतं : ‘पण मी’ सकाळी गाईन. १ शमुवेल १९:११ प्रमाणे दाविदाला मारायचं ठरलं होतं तेही सकाळीच.

वचन १५ चा शेवट कुठे ‘रात्रभर थांबतात’ तर कुठे ‘कुरकुरतात’ असा दिसेल. व्यंजनं तीच, स्वरचिन्हं कशी लावली त्यावर अर्थ फिरतो. ग्रीक भाषांतराने कुरकुर घेतली आहे. उपाशी कुत्र्याला तीच शोभते.

प्रश्न : आजीच्या कॅथलिक बायबलात हे स्तोत्र ५८ आहे. बेने इस्रायली शेजाऱ्यांच्या हिब्रू पुस्तकात ५९ आहे, पण वचनं १८. चर्चच्या प्रार्थनाविधीत तर कुत्रीच नाहीत! (वांद्रे)

उत्तर : ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० ही स्तोत्रं एकच धरतात, म्हणून पुढचे बरेच आकडे एकाने मागे पडतात. हिब्रूत मथळा हेच पहिलं वचन, त्यामुळे तिथे आपल्या वचनात एक मिळवा. कुत्र्यांचं कारण वेगळं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या कॅथलिक प्रार्थनाविधीतून ५८, ८३ आणि १०९ (हे आकडे हिब्रू क्रमाचे, आजीचं ५८ वेगळं) ही शापाची स्तोत्रं पूर्ण वगळली आणि ५९ सारख्यांतली काही वचनं गाळली. हेतू समजतो, पण इथे कात्री चुकली असं आमचं मत. कुत्री गेली की ‘पण तू’ आणि ‘पण मी’ कशाच्या विरुद्ध उभे आहेत तेच कळत नाही. घरी वाचाल तेव्हा पूर्ण वाचा. ‘सेला’ ही बहुधा संगीताची खूण आहे. ती उच्चारू नका, वचन ५ आणि १३ नंतर एक श्वास थांबा.

प्रश्न : वचन ९ मध्ये काही ठिकाणी ‘माझ्या सामर्थ्या’ आणि काही ठिकाणी ‘त्याचं सामर्थ्य’ का? आमचा गायकगट ९ आणि १७ एकाच चालीत गातो. (भायखळा)

उत्तर : हिब्रूत ‘त्याचं’ लिहायला शेवटी वाव लागतो आणि ‘माझं’ला योद. दोन्ही अक्षरं म्हणजे उभी रेघ. वावाची लांब, योदाची आखूड. नक्कल करणाऱ्याचा हात जरा लांबला की अर्थ बदलला. लगेच वचन १० मध्ये ‘दये’च्या शब्दावरही हाच घोळ आहे आणि तिथे समासात दुरुस्ती दिलेली आहे. वचन १७ ला जुळणारं म्हणून बहुतेक भाषांतरं ‘माझ्या’ घेतात.

चाल मात्र वेगळी करा. ९ मध्ये क्रियापद ‘एश्मोरा’, तुझी वाट पाहत जागा राहीन. १७ मध्ये ‘अझम्मेरा’, तुला गाईन. मथळ्यात शिपाई घरावर पहारा ठेवतात तोही ‘एश्मोरा’च्याच ‘शामार’ या धातूचा, म्हणजे वचन ९ मध्ये घरातला माणूसही पहाऱ्यावरच आहे. तेव्हा ९ एका आवाजात, पेटी बंद ठेवून म्हणा आणि सगळे सूर १६ पासून लावा.