वाचक विचारतात

प्रश्न : गोव्यात अडीचशे वर्षं इन्क्विझिशन चालवणारं चर्च आता कोठडीतल्या छळाविरुद्ध बोलतं. हा अधिकार त्यांना कुणी दिला? – एक वाचक, सातारा

उत्तर : मी वसईचा ख्रिस्ती, तरी प्रश्न झोंबला नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० साली आलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. कबुलीसाठी छळ करायची मुभा १२५२ मध्ये खुद्द पोप चौथे इनोसंट यांनी दिली होती. त्याच्या कितीतरी आधी, ८६६ मध्ये, पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या राजाला पत्रातून बजावलं होतं, की मारून वदवलेली कबुली कबुलीच नव्हे. तेव्हा ‘माहीत नव्हतं’ ही सबब चालायची नाही.

पूर्वीच्या धर्माधिकाऱ्यांचा हा दोष चर्चने १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात मान्य केला आहे. मला विचाराल तर कबुलीपेक्षा करणी बघा. ब्राझीलचीच घ्या. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तिथल्या बिशपांनी जाहीर आभार मानले होते, हेही सांगून टाकतो. पुढे १९७५ मध्ये व्लादिमिर हेरझॉग हा ज्यू पत्रकार साओ पावलोच्या लष्करी कोठडीत मेला. सरकार म्हणालं, आत्महत्या. तिथले आर्चबिशप कार्डिनल आर्न्स यांनी कॅथेड्रलमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली. सोबत रब्बी हेन्री सोबेल होते आणि प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री राइट. राइट यांचा सख्खा भाऊ दोन वर्षांपूर्वी असाच नाहीसा झाला होता.

आर्न्स आणि राइट या दोघा धर्मगुरूंनी पुढे जे केलं ते पट्टीच्या वकिलालाही सुचलं नसतं. लष्करी न्यायालयाच्या फायली वकिलांना चोवीस तासांपुरत्या मिळायच्या. तेवढ्या वेळात भाड्याच्या मशीनवर झेरॉक्स काढायची आणि फाइल मुकाट्याने परत करायची. अशी ७०७ खटल्यांची सुमारे दहा लाख पानं जमली. विजेचे झटके, गुडघ्यांखालून दांडा घालून उलटं टांगणं, करणाऱ्यांची नावं, सगळं आरोपींनी न्यायाधीशांपुढे सांगितलेलं आणि न्यायालयाच्याच कारकुनाने टिपलेलं. खोटं म्हणणार कोण? मायक्रोफिल्म गुपचूप जिनिव्हाला गेल्या, १९८५ मध्ये पुस्तक आलं.

गोव्याच्या इन्क्विझिशनची बहुतेक दप्तरं मात्र नष्ट झाली. ब्राझीलचे कागद आता इंटरनेटवर आहेत, पोर्तुगीज तेवढी यायला हवी.