टपाली युद्धखेळात चार हजारांचे सैन्य लवकरात लवकर कसे उभारावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, मध्यभूमीवरच्या टपाली खेळात, म्हणजे ‘मिडल-अर्थ प्ले-बाय-मेल’मध्ये, तिसऱ्या युगातील 1650 सालच्या डावात तुमच्याकडे एओथ्राइम हे राष्ट्र आले आहे आणि सहा खेळ्यांत चार हजार जड घोडदळ उभे करायचे आहे, तर त्याचा सर्वांत जलद मार्ग कोणता. अगदी हेच राष्ट्र, हाच डाव आणि जवळजवळ हाच बेत मी 1994 साली डावातल्या शेजारच्या राष्ट्राचा खेळाडू म्हणून पाहिला आहे, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आकड्यांचे उत्तर सोपे आहे. एका वस्तीत एका खेळीत छावणीला 100, खेड्याला 200, नगराला 300, मोठ्या नगराला 400 आणि शहराला 500 एवढीच भरती होते. म्हणजे एकाच मोठ्या नगरात बसून राहिलात तर सहा खेळ्यांत 2,400 च्या पुढे जाता येत नाही, आणि चार हजार हवे असतील तर दोन-तीन वस्त्यांत वेगवेगळे सेनापती बसवून भरती करावी लागते व नंतर ती पथके एकत्र आणावी लागतात. मर्यादा डोक्यांच्या संख्येवर असल्यामुळे जड दळ घेणे शहाणपणाचे ठरते, कारण जड घोडेस्वाराचे बळ 16, जड पायदळाचे 10 आणि साध्या शिपायाचे अवघे 2 धरले जाते. घोडे, चामडे आणि पोलाद यांचा साठा अगोदर करावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

परंतु उभारणे आणि टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या खेळात मोठे सैन्य उभारणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिलीच तेवढी कळते.

त्या वर्षी मी ओहायोमध्ये शिकत होतो आणि माझा सांगलीचा एक मित्र टेक्सासमधल्या विद्यापीठात होता. आम्ही दोघांनी मिळून एका डावात नावे दिली. मला नॉर्थमेन मिळाले आणि त्याला एओथ्राइम, म्हणजे खेळाच्या नकाशावरच्या ऱ्होव्हानियन या प्रदेशातले आम्ही शेजारी आणि एकाच पक्षाचे. दर दोन आठवड्यांनी आज्ञापत्रक हाताने भरून फ्लोरिडाला पाठवायचे, तिकडून छापील अहवालाचे जाड पाकीट यायचे, आणि ते आले की रात्री अकरानंतर, लांबच्या फोनचे दर उतरल्यावर, आम्ही तास-तास बोलत असू. त्याने पहिल्याच फोनवर सांगितले होते की तो सगळे बळ एका जागी गोळा करणार, आणि अनडुईन नदीच्या पूर्वेला कोणी समोर उभा राहणार नाही एवढे मोठे घोडदळ करणार. सुरुवातीला त्याच्या सेनापतीकडे 800 जड घोडेस्वार होते. चौथ्या खेळीपासून आठव्या खेळीपर्यंत त्याने त्याच मोठ्या नगरात दर वेळी 400 भरले आणि आकडा 2,800 वर नेला.

आता या 2,800 स्वारांचा हिशोब पाहा. जड घोडेस्वाराला दर खेळीला 6 सोने लागते, म्हणजे 16,800. मोठ्या नगराच्या उत्पन्नाचा पाया 7,500 असतो आणि 60 टक्के कर लावला तर हाती 4,500 येतात, म्हणजे जवळजवळ चार मोठी नगरे केवळ या एका सैन्याच्या पगारासाठी राबवावी लागतात. शिवाय स्वारामागे 2 याप्रमाणे 5,600 धान्य. हे त्याच्या एकट्याच्या राष्ट्राला पेलणारे नव्हते, म्हणून मी पाचव्या खेळीपासून दर वेळी 6,000 सोने त्याच्याकडे पाठवत होतो आणि त्यापायी माझी स्वतःची दोन नगरे तटबंदीशिवाय राहिली होती.

सातव्या खेळीनंतरच्या फोनवर मी त्याला एकच गोष्ट मागितली. या खेळाचा नियम असा आहे की सेनापती मारला गेला किंवा पळवला गेला आणि सैन्यात सेनापतीचा गुण असलेले दुसरे पात्र नसले, तर ते सैन्य जागच्या जागी विसर्जित होते, मग त्यात शंभर माणसे असोत की दहा हजार. म्हणून मी म्हणालो की सैन्यात दुसरा सेनापती घाल. नव्या सेनापतीच्या नेमणुकीला 5,000 सोने लागते आणि गुण 30 असेल तर त्याचा खर्च खेळीला 600 येतो. ते 5,000 मी नेहमीच्या 6,000 व्यतिरिक्त पाठवले. त्याने त्या पैशांतून बाजारात घोडे विकत घेतले. त्याचे म्हणणे असे होते की सेनापतीने दुसऱ्याच्या सैन्यात नुसते बसणे ही उधळपट्टी आहे, कारण तोच सेनापती दुसऱ्या नगरात भरती करू शकतो.

आठव्या खेळीच्या शेवटी शत्रूपक्षातल्या क्लाउड लॉर्ड या राष्ट्राचा मारेकरी त्या नगराशी येऊन थांबला. येथे आज्ञांचा क्रम समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. आज्ञा त्यांच्या क्रमांकानुसार अमलात येतात. हत्येची आज्ञा 615 क्रमांकाची, तर सैन्य हलवण्याची 850, म्हणजे हत्या आधी आणि हालचाल नंतर. मारेकऱ्याला खेळीच्या शेवटी तुमच्या षटकोनात, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या घरात, पोहोचावे लागते आणि पुढच्या खेळीत तुम्ही हलण्यापूर्वीच त्याचा घाव पडतो. त्यामुळे तुमचे सैन्य खेळीच्या शेवटी कोठे असेल एवढेच त्याला ओळखावे लागते, आणि जे सैन्य पाच खेळ्या एकाच नगरात भरती करत बसले आहे, त्याबाबतीत ओळखण्यासारखे काही उरतच नाही. नवव्या खेळीच्या अहवालात सेनापती ठार झाल्याची एक ओळ आली आणि त्याखाली सैन्य विसर्जित झाल्याची दुसरी. शत्रूचा एकही घोडा त्या प्रदेशात आला नव्हता. माझ्या दोन महिन्यांच्या रसदीतून उभे राहिलेले ते घोडदळ लढाईचा एकही दिवस न पाहता गेले, याचे मला आजही दुःख आहे. तोवर तटस्थ असलेल्या ऱ्हूनच्या ईस्टरलिंगांनी ते पाहून विरुद्ध पक्ष धरला आणि बाराव्या खेळीपर्यंत ते नगर त्यांच्याकडे गेले.

माझा मित्र तेव्हापासून सांगत आला आहे, आणि गेल्या वर्षी पुण्यात एका लग्नात चारचौघांत त्याने पुन्हा सांगितले, की नवव्या खेळीला मी सोने पाठवले नाही म्हणून सैन्य मोडले. हे साफ चुकीचे आहे. सोने कमी पडले तर या खेळात सैन्य विसर्जित होत नाही. आधी कराचा दर आपोआप वर चढतो, वस्त्यांची निष्ठा ढासळते, आणि दर 100 टक्क्यांच्या पुढे न्यावा लागला तरच राष्ट्र बुडते. नवव्या खेळीच्या अहवालातला त्याचा कराचा दर त्याने मला स्वतः फोनवर वाचून दाखवला होता, आणि तो 60 टक्केच होता. सोन्याअभावी मोडलेल्या राष्ट्राचा कर 60 टक्क्यांवर राहूच शकत नाही. माझी पाठवणीची आज्ञा असलेला माझ्या बाजूचा अहवालही मी जपून ठेवला आहे.

हे सगळे त्याच्यासाठी जितके लिहिले आहे तितकेच तुमच्यासाठीही आहे. चार हजार जड घोडदळाचा पगार खेळीला 24,000 सोने होतो आणि मित्रराष्ट्राच्या मदतीवाचून तो सहा-सात खेळ्या चालवणे माझ्या अंदाजाने तुम्हाला शक्य नाही. मी तुमच्या जागी असतो तर 1,500 जड स्वारांवर थांबलो असतो, सैन्यात दोन जादा सेनापती घातले असते, स्वतःच्या एका हेराला मुख्य सेनापतीवर पहाऱ्यासाठी नेमले असते आणि भरतीची जागा दर एक-दोन खेळ्यांनी बदलली असती. जादा सेनापतीने त्याच षटकोनात उभे राहणे पुरेसे नसते, त्याने आज्ञा देऊन सैन्यात सामील व्हावे लागते. ही चूक अनुभवी खेळाडूही करतात.

दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. मी वर दिलेले आकडे 1650 च्या डावाचे आहेत. 2950 च्या किंवा चौथ्या युगाच्या डावात राष्ट्रांची सुरुवातीची स्थिती वेगळी असते, त्यामुळे तेथे तोच हिशोब डोळे झाकून लावू नये. आणि शत्रूपक्षात क्लाउड लॉर्ड कोणी खेळत नसेल किंवा तो खेळाडू आज्ञापत्रके पाठवत नसेल, तर माझ्या मित्राची पद्धत कदाचित चाललीही असती, एवढे मी मान्य करतो.

आता खेळ ई-मेलवर चालत असल्यामुळे तुमच्याकडे पाकिटाची वाट पाहण्याचा वेळ जात नाही. तुमची पुढची आज्ञापत्रके जाण्यापूर्वी सैन्यात सेनापतीचा गुण असलेली पात्रे किती आहेत आणि सैन्य किती खेळ्यांपासून त्याच नगरात आहे, एवढे दोन आकडे येथे लिहा. म्हणजे भरती चालू ठेवायची की आधी सैन्य हलवायचे, ते मला नेमके सांगता येईल.